ड्रोनचं लायसन काढावं का? सोलापूर जिल्ह्यातल्या पोरांनी फी भरण्याआधी करायचा हिशेब

वैरागच्या माझ्या भाच्याचा मागच्या महिन्यात फोन आला. "मामा, ड्रोनच्या कोर्सला पन्नास हजार मागतायत. भरू का?" पोरगं शेतीची पदविका करून घरीच आहे. पंधरा एकर रान, त्यात सोयाबीन, तूर आणि थोडा ऊस. मी त्याला लगेच हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्याला दोन दिवस मोहोळला बोलावून घेतलं, माझ्याबरोबर फवारणीला फिरवलं आणि मग कागद घेऊन बसलो. त्या दोन दिवसांत जे बोलणं झालं तेच इथे सविस्तर लिहितो, कारण हाच प्रश्न मला अक्कलकोटपासून करमाळ्यापर्यंतची पोरं विचारतात.

मी स्वतः हे प्रमाणपत्र काढलंय आणि आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा ड्रोन चालवतो. माझं मत आधीच सांगतो. लायसन ही शेवटची पायरी आहे. आधी काम, मग जागा, मग ड्रोन, आणि या तिन्हींची उत्तरं मिळाली की लायसन. आपल्याकडे बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. सर्टिफिकेट हातात येतं, फोटो काढून स्टेटसला जातो, आणि सहा महिन्यांनी पोरगं परत दूध घालायला डेअरीत उभं असतं.

पहिली पायरी: तुम्हाला लायसन लागतं का, ते वजनावरून ठरवा

आपण त्याला लायसन म्हणतो. कायद्यात त्याचं नाव रिमोट पायलट सर्टिफिकेट असं आहे. २५ ऑगस्ट २०२१ ला ड्रोन नियम आले, तेव्हा त्यात लायसन हाच शब्द होता. फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीत तो गेला आणि डीजीसीएची, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता असलेल्या प्रशिक्षण संस्थेतून मिळणारं प्रमाणपत्र पुरेसं ठरलं.

नियम वजनावर चालतात, आणि वजन म्हणजे बॅटरी, कॅमेरा, टाकीतलं औषध असं सगळं धरून उडताना होणारं जास्तीत जास्त वजन. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यावर २ किलोपर्यंत मायक्रो, २ ते २५ किलो स्मॉल, २५ ते १५० किलो मीडियम आणि त्याहून जड तो लार्ज. नॅनो उडवायला प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो हौसेखातर उडवायलाही लागत नाही, पण मायक्रोवर पैसे कमवायचे असतील तर लागतं. स्मॉलपासून पुढे सगळ्यांना लागतं.

इथे दोन गैरसमज मी सतत ऐकतो. पहिला शेतकऱ्यांचा: "माझं रान, माझा ड्रोन, मला कोण विचारणार?" दहा लिटर टाकीचा फवारणीचा ड्रोन स्मॉल वर्गात बसतो. तो स्वतःच्या बांधाच्या आत उडवला तरी उडवणाऱ्याकडे प्रमाणपत्र हवं. त्यात मालकीचा प्रश्नच येत नाही. उलट बाजूने हेही खरं की ड्रोन विकत घ्यायला प्रमाणपत्र लागत नाही. ड्रोन कंपनीचा, बचत गटाचा, तुमच्या वडिलांचा असू शकतो. रिमोट ज्याच्या हातात, त्याच्या नावावर प्रमाणपत्र.

दुसरा गैरसमज लग्नाच्या शूटिंगवाल्यांचा. २४९ ग्रॅमचा ड्रोन घेतला की सगळ्यातून सुटलो, असं त्यांना वाटतं. प्रमाणपत्रातून सुटलात, हे बरोबर. पण त्याच ड्रोनला जास्त वेळ चालणारी मोठी बॅटरी लावली किंवा पंख्यांना गार्ड बसवले की वजन अडीचशेच्या वर जातं आणि तो मायक्रो होतो. मग लग्नाची सुपारी घेऊन उडवणं हे मायक्रोवरचं व्यावसायिक काम झालं. आणि कुठे उडवायचं याचे नियम तर नॅनोलाही लागू आहेत.

दुसरी पायरी: सोलापूरचा नकाशा उघडा

हे काम फुकट आहे, दहा मिनिटांचं आहे आणि फार थोडे लोक करतात. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर देशाचा हवाई नकाशा आहे. त्यावर तुमचं गाव शोधा आणि रंग बघा.

हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, परवानगी न घेता उडवता येतं. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच पिवळा भाग, आणि त्याहून जवळ कोणता रंग आहे ते नकाशावरच बघा. पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी घेतल्याशिवाय ड्रोन उचलायचा नाही. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीच नाही.

आता होटगी रोडच्या विमानतळावर बोट ठेवा आणि ८ किलोमीटरचं वर्तुळ काढा. सोलापूर शहराचा बहुतेक भाग त्यात येतो. होटगी, मजरेवाडी, कुंभारी, सगळं. सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी या विमानतळासाठी जून २०२३ मध्ये पाडली, तेव्हा अख्खं शहर त्यावर बोलत होतं. जून २०२५ मध्ये गोव्याची विमानं सुरू झाली. विमानतळ नुसता कागदावर होता तेव्हाची गोष्ट वेगळी, आता तिथे माणसं भरून विमान उतरतं. म्हणून शहरातल्या व्हिडिओग्राफर मित्रांना माझं कळकळीचं सांगणं आहे: तुमचं सत्तर-ऐंशी टक्के काम शहरातल्या मंगल कार्यालयांत असेल तर प्रमाणपत्र घेऊनही दर वेळी परवानगीचा प्रश्न उरतोच. फी भरण्याआधी, तुमच्या गेल्या वर्षीच्या कामांपैकी हिरव्या भागात किती होती, ते वहीत मोजा.

नान्नजकडच्यांनी वेगळी काळजी घ्यायची. माळढोक अभयारण्य १९७९ चं आहे, आणि त्याची रानं एकसलग नाहीत, तुकड्या-तुकड्यांनी पसरली आहेत. अभयारण्यात ड्रोन नेण्याआधी वन विभागाला विचारायलाच हवं. काळविटांचा कळप ड्रोनच्या आवाजाने कसा उधळतो हे ज्याने एकदा पाहिलं, तो पुन्हा तिथे रीळ काढायला जाणार नाही.

पंढरपूरला आषाढी-कार्तिकीचा बंदोबस्त, सोलापुरात गड्ड्याची यात्रा आणि नंदीध्वजांची मिरवणूक, अशा काळात पोलीस किंवा जिल्हाधिकारी स्वतंत्र आदेश काढून ड्रोनला बंदी घालू शकतात. नकाशावर हिरवं दिसतंय म्हणून तो आदेश मोडता येत नाही. पोलीस ठाण्यात आधी जाऊन विचारलं तर सहसा सरळ उत्तर मिळतं.

तिसरी पायरी: एकर मोजा

शेतीसाठी लायसन काढणाऱ्यांनी सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. मी भाच्याला पहिल्या दिवशी हेच करायला लावलं.

घरापासून दहा किलोमीटरच्या आत कोणती पिकं किती एकर आहेत, त्यातल्या कोणत्या पिकाला ड्रोनची खरी गरज आहे, आणि वर्षात किती वेळा. पिकापिकात फरक आहे.

उसात ड्रोनला तोड नाही. पाच-सहा महिन्यांचा ऊस डोक्याच्या वर गेला की पंप पाठीवर घेऊन सरीत शिरणं म्हणजे पानांनी अंग सोलून घेणं. मजूर येत नाही, आला तर दुप्पट मागतो, आणि सापाची भीती असतेच. आपल्या जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने, म्हणजे उसाचं क्षेत्र कमी नाही. सोयाबीन आणि तूर हे बार्शी भागातलं दुसरं चांगलं काम. तुरीवर शेंगा पोखरणारी अळी आली की सगळ्या गावाला एकाच आठवड्यात फवारणी हवी असते, आणि तूर तेव्हा छातीच्या वर गेलेली असते. मक्यावरची लष्करी अळी, हरभऱ्यावरची घाटे अळी, ही कामंही मिळतात.

द्राक्षाबद्दल मी सावधपणे बोलतो. आपले बागायतदार ट्रॅक्टरचा ब्लोअर वापरतात. घडाच्या चारही बाजूंनी आणि पानाच्या खालून औषध लागावं ही त्यांची अपेक्षा योग्य आहे, कारण डावणी हा बुरशीचा रोग पानाच्या खालच्या बाजूला वाढतो. ड्रोन एकरी जेमतेम आठ-दहा लिटर पाणी वरून टाकतो. मांडवावरच्या दाट पानांत ते खालपर्यंत नीट पोचत नाही. सांगोल्याच्या डाळिंबाचंही थोडंफार तेच. तेल्या रोगाची फवारणी झाडाच्या आतल्या फांद्यांपर्यंत जायला हवी. पावसाने रान ओलं झालं आणि ट्रॅक्टर आत जात नाही, अशा दोन-तीन वेळांना बागेत ड्रोन कामाला येतो. तेवढ्यावर धंद्याचा हिशेब मांडू नका. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातल्या मालदांडी ज्वारीला तर फवारण्याच थोड्या.

आता आकडे. हे गृहीत धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला. कोर्सची फी जीएसटी धरून ५०,००० रुपये, जाणं-येणं, राहणं-जेवण ८,०००, म्हणजे ५८,०००. तुम्ही दुसऱ्याच्या ड्रोनवर पायलट म्हणून एकरी १०० रुपये घेणार असाल तर फी निघायला ५८० एकर लागतात. दिवसाला वीस एकर धरले तर २९ दिवसांचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण पाऊस, वारा, बिघडलेला नोझल, "उद्या या" म्हणणारा शेतकरी, हे सगळं वजा केलं तर पहिल्या वर्षी महिन्याला आठ-दहा दिवस काम मिळालं तरी नशीब समजा, आणि तेही खरीप ते तुरीच्या शेंगा या पाच महिन्यांत. म्हणजे फी निघते, पण पहिला हंगाम त्यातच जातो. स्वतःचा ड्रोन घेणार असाल तर कर्जाचा हप्ता, बॅटऱ्या, गाडी आणि एक मदतनीस हे त्यात मिळवा. तो हिशेब काही लाखांचा होतो आणि एका गावाच्या जिवावर बसत नाही.

भाच्याने तीन गावं फिरून वहीत १,१०० एकर सोयाबीन-तूर आणि २४० एकर ऊस लिहून आणला. मी त्याला विचारलं, यातल्या किती जणांनी "तू ड्रोन आण, मी फवारून घेतो" असं तोंडाने सांगितलं? एकतीस जणांनी, सगळे मिळून १९० एकर. खरा आकडा तो.

चौथी पायरी: आधी मदतनीस व्हा

फी भरण्याआधी कुठल्या तरी चालू ड्रोनवाल्याबरोबर किमान चार दिवस फुकट काम करा. जिल्ह्यात नमो ड्रोन दीदी योजनेतल्या ताई आहेत, शेतकरी कंपन्यांचे ड्रोन आहेत, खत कंपन्यांचे आहेत. केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, मोहोळचं कृषी विज्ञान केंद्र अशा ठिकाणी प्रात्यक्षिकं होतात, तिथे ओळख काढता येते.

चार दिवसांत तुम्हाला कळेल की ड्रोन उडवणं हे या कामाचं पाव हिस्सा काम आहे. उरलेलं काम म्हणजे औषध मोजून कालवणं, गाळणं, टाकी धुणं, बॅटऱ्या बदलणं, जनरेटर सांभाळणं, बांधावरून चालत जाऊन विजेच्या तारा बघून ठेवणं. एका बॅटरीवर भरलेला ड्रोन दहा-पंधरा मिनिटं उडतो, म्हणजे दिवसभर बॅटऱ्या चार्जिंगच्या चक्रात फिरत असतात. शेतातली लाईट कधी रात्रीची, कधी दिवसाची, तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. आणि एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर गेला की उडून आलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नसते. ती सावलीत निवू द्यावी लागते. हे सगळं अंगाला झेपतं का, औषधाच्या वासाने डोकं दुखतं का, उन्हात सहा तास उभं राहता येतं का, ते आधीच बघा.

भाच्याला पहिल्या दिवशी उत्साह होता. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता, सतराव्यांदा टाकी भरताना, तो म्हणाला, "मामा, व्हिडिओत हे दाखवत नाहीत." मला त्याचं ते वाक्य आवडलं, कारण त्यानंतरही तो संध्याकाळपर्यंत थांबला.

पाचवी पायरी: पर्याय तपासा

लायसन न काढताही काम होऊ शकतं. पंधरा-वीस एकरवाल्या शेतकऱ्याला स्वतःच्या रानापुरतंच हवं असेल तर भाड्याने फवारणी करून घेणं सरळ स्वस्त पडतं. त्याने लायसन काढू नये, असंच मी सांगतो.

घरातल्या ताई किंवा वहिनी बचत गटात असतील तर नमो ड्रोन दीदी योजनेची चौकशी आधी करा. केंद्राने ही योजना नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केली. त्यात देशभरातल्या १५,००० महिला गटांना ड्रोन द्यायचं ठरलं, किमतीच्या ८० टक्के आणि जास्तीत जास्त ८ लाखांपर्यंत मदत. निवडलेल्या सदस्याला १५ दिवसांचं प्रशिक्षण मिळतं, त्यातले ५ दिवस पायलटचे. म्हणजे जे शिकायला तुम्ही पन्नास हजार भरणार, ते गटामार्फत होऊ शकतं. सध्या जिल्ह्यात निवड चालू आहे का, हे उमेदच्या, म्हणजे बचत गटांचं काम बघणाऱ्या राज्याच्या अभियानाच्या, तालुका कार्यालयात विचारा.

कृषी पदवीधरांसाठी, शेतकरी कंपन्यांसाठी आणि वैयक्तिक शेतकऱ्यांसाठी कृषी यांत्रिकीकरणातून अनुदानं आहेत. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून चालू वर्षाची स्थिती घ्या, दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. अनुदानाची पूर्वसंमती हातात आल्याशिवाय ड्रोनचा ॲडव्हान्स देऊ नका.

सहावी पायरी: संस्था निवडणं

इथे माझा स्वतःचा अनुभव सांगतो. सुरुवातीला मी एका क्लासला ७,००० रुपये आगाऊ भरले होते. पत्रकावर विमानाचं चित्र, "सरकारमान्य प्रमाणपत्र", दोन दिवसांचा कोर्स. सुदैवाने कॉलेजातल्या एका सरांनी विचारलं, "डीजीसीएच्या यादीत नाव आहे का?" नव्हतं. त्या क्लासचं प्रमाणपत्र म्हणजे हजेरीचा कागद होता, त्यावर ड्रोन उडवता आला नसता. पैसे परत मिळाले नाहीत. ज्याला सात हजार म्हणजे एका महिन्याचं दूध असतं, त्याच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हे लिहितोय.

म्हणून पहिली तपासणी हीच. संस्थेचं नाव डीजीसीएच्या मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थांच्या यादीत आहे का, आणि ज्या गावात शिकवणार तो पत्ता त्या यादीत आहे का? काही वेळा मान्यता एका शहरातल्या संस्थेची असते आणि तिच्या नावावर दुसरीकडे फी गोळा करणारा मध्यस्थ असतो.

दुसरी तपासणी, प्रमाणपत्र कोणत्या वर्गाचं मिळणार? मायक्रोचं प्रमाणपत्र घेऊन फवारणीचा स्मॉल ड्रोन चालवता येत नाही. शेतीसाठी स्मॉल वर्ग, रोटरक्राफ्ट (पंख्यांवर सरळ वर उचलला जाणारा ड्रोन), असं स्पष्ट लिहून घ्या. शूटिंगवाल्यांनी आपल्या ड्रोनचं वजन सांगून मगच वर्ग ठरवावा.

मग हे विचारा: एका ड्रोनमागे किती विद्यार्थी? प्रत्येकाला हातात रिमोट घेऊन प्रत्यक्ष किती मिनिटं उडवायला मिळतं? पाऊस आला तर उडवण्याचे दिवस भरून देतात का? नापास झालो तर पुन्हा परीक्षेचे पैसे किती? जेवण-राहणं फीत आहे का? शिकवणं मराठीत होतं का? "शंभर टक्के पास, शंभर टक्के नोकरी" असं सांगणाऱ्याकडे मी तरी भाच्याला पाठवणार नाही.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात ड्रोन पायलटचं मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्र आहे आणि आपला जिल्हा त्याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. शेतीचं काम करायचं असेल तर तिथली फी आणि पुढच्या तुकडीची तारीख आधी विचारा. पुण्याकडे खासगी संस्था बऱ्याच आहेत. साधारण ३० हजारांपासून ६५ हजारांपर्यंत फी ऐकायला मिळते, पण फीपेक्षा हातात रिमोट किती वेळ मिळतो यावर निवडा.

पात्रतेची अट अवघड नाही. वय १८ ते ६५ आणि दहावी पास. पूर्वी पासपोर्टवर अडायचं. सप्टेंबर २०२३ च्या दुरुस्तीनंतर मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड, वाहन परवाना यांसारखी सरकारी ओळख आणि पत्त्याची कागदपत्रं चालतात. बऱ्याच संस्था डॉक्टरचं तब्येतीचं प्रमाणपत्र मागतात. सरकारी शुल्क नाममात्र १०० रुपये आहे, उरलेलं सगळं संस्थेचं. कागदांवरचं नाव सगळीकडे सारखं आहे का, हे घरूनच बघून जा. दहावीच्या सर्टिफिकेटवर वेगळं आणि आधारवर वेगळं, यात आपली पोरं आठवडा घालवतात.

कोर्समध्ये काय होतं

साधारण पाच ते सात दिवस. सुरुवातीला वर्गात नियम, हवामान, ड्रोन हवेत कसा तोलला जातो, बॅटरीची निगा, रेडिओवर बोलायची पद्धत, अडचण आली तर काय करायचं. मग संगणकावर सिम्युलेटर. शेवटी मैदान. उचलणं, एका जागी स्थिर ठेवणं, चौकोन, आठचा आकडा, उतरवणं.

पोरं अडतात ती दोन जागी. एक, इंग्रजी शब्द. ते आधी आठ दिवस घरी वाचून जा, लेखी परीक्षा त्यानंतर जड जात नाही. दुसरं, ड्रोनचं तोंड आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं. जीपीएस बंद करून उडवायला लावतात तेव्हा हे फार जाणवतं. एखादा स्वस्त, छोटा खेळण्यातला ड्रोन घेऊन अंगणात महिनाभर हाच सराव केला तर मैदानावर घाम फुटत नाही.

प्रमाणपत्र १० वर्षांसाठी असतं. ते डीजीसीएच्या ऑनलाइन प्रणालीतून, क्रमांकासह येतं. क्रमांक नसलेला रंगीत कागद स्वीकारू नका.

लायसननंतर ज्यावर धंदा टिकतो

ड्रोन घेताना त्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलच्या सरकारी मान्यतेचं प्रमाणपत्र, आहे का, हे विचारा. बाजारात सुटे भाग जोडून केलेले ड्रोन निम्म्या किमतीत मिळतात. त्यांना नोंदणी क्रमांक मिळत नाही, म्हणून विमा नाही आणि अनुदानही नाही. परदेशातून तयार ड्रोन आणायला फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, तेव्हा "मुंबईहून मागवून देतो" म्हणणाऱ्याकडे बिल मागा. नॅनो सोडून बाकीच्यांना तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. नियम मोडल्यास दंड एक लाखापर्यंत जातो. अपघात झाला तर ४८ तासांत ऑनलाइन कळवायचं असतं.

आणि आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. उसातल्या तणाला २,४-डी मारायची आपल्याकडे सवय आहे. ड्रोनचे थेंब बारीक असतात, थोड्या वाऱ्यावरही ते बांध ओलांडतात. शेजारी द्राक्षबाग असेल तर २,४-डीच्या नुसत्या झुळकीने पानं पंख्यासारखी आकसतात, कोवळे शेंडे वाकडे होतात आणि शेजाऱ्याचा वर्षाचा माल जातो. ड्रोनमध्ये हे औषध मी भरतच नाही, कितीही ओळखीचा शेतकरी असला तरी. तुतीची बाग जवळ असेल तर कीटकनाशकही नको. फवारा तुतीवर गेला आणि तो पाला रेशमाच्या अळ्यांना घातला तर अख्खी बॅच मरते. बहार धरलेल्या डाळिंबाजवळ मधमाश्या फिरत असतात, तिथे सकाळी नऊनंतर मी उडवत नाही. वाऱ्याची दिशा बघायला बांधावर काठीला सुती पट्टी बांधून ठेवतो. ती आडवी झाली की काम बंद. आणि औषधाच्या लेबलवर ड्रोनसाठी मात्रा दिलेली नसेल तर कृषी विज्ञान केंद्राला विचारल्याशिवाय कालवत नाही, कारण दोनशे लिटरची मात्रा दहा लिटरमध्ये तशीच ओतली की पान करपतं.

हे कोर्समध्ये फारसं शिकवत नाहीत, कारण ते पायलटचं प्रमाणपत्र आहे, फवारणीचं नाही. म्हणून कोर्सनंतर कृषी विज्ञान केंद्रात औषधांबद्दल बसून शिका. गावात तुमचं नाव त्यावर चालेल.

मग काढावं का?

तुमचं काम हिरव्या भागात आहे, तोंडाने हो म्हटलेले किमान दोन-तीनशे एकर वहीत आहेत किंवा ड्रोन असलेली एखादी कंपनी, गट, कारखाना तुम्हाला पायलट म्हणून घ्यायला तयार आहे, आणि चार दिवस उन्हात उभं राहूनही कंटाळा आला नाही, तर काढा. यंदाच काढा, आणि खरिपाच्या आधी, मार्च-एप्रिलची तुकडी गाठा. प्रमाणपत्र यायला आणि हात बसायला दोन महिने हवेत.

शहरातले व्हिडिओग्राफर असाल आणि नॅनोवर भागत असेल तर थांबा. सर्वेक्षण, सौर प्रकल्पांची पाहणी, बांधकामांचं मोजमाप अशी मोठी कामं घ्यायची असतील तर काढा, कारण तिथे कंत्राटदार प्रमाणपत्राचा क्रमांक मागतो. व्याजाने पैसे काढून फी भरणार असाल तर या वर्षी नको. सरकारी नोकरीत ड्रोनचं लायसन कामाला येईल एवढ्याच आशेवर काढत असाल तरी नको.

भाच्याचे १९० एकर होते. मी त्याला सांगितलं, अजून साठ-सत्तर एकर जोड आणि वैराग भागातल्या एखाद्या शेतकरी कंपनीशी बोल, त्यांचा ड्रोन असेल आणि पायलट नसेल तर लेखी घे. तो सध्या तुरीच्या फवारणीला माझ्याबरोबर मदतनीस म्हणून येतोय, रोजावर. राहुरीच्या मार्चच्या तुकडीचा अर्ज त्याने भरून ठेवलाय, पैसे अजून भरलेले नाहीत. त्याच्या वहीत कालपर्यंत २२५ एकर झाले होते.